गुडघा टेकला की बाद

गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, अकोल्याची पल्लवी तायडे उत्तरेकडच्या एका डोंगराळ शहरात बर्फावर उतरली. बंदिस्त मैदानावर आशियाई महिलांच्या बर्फ हॉकी स्पर्धेतला तिसऱ्या क्रमांकाचा सामना सुरू होता. अखेरच्या सत्रात भारताची मुख्य गोलरक्षक जखमी झाली आणि तिच्या जागी राखीव गोलरक्षक पल्लवी आत गेली. तेव्हा भारत एका गोलने पुढे होता.

बातमीत निकाल पहिल्याच वाक्यात द्यायचा असतो. एका दैनिकाच्या अकोला आवृत्तीत क्रीडा वार्ताहर होते तोवर मी तो नियम पाळला. ही बातमी नाही, त्यामुळे निकाल त्याच्या जागी येईल. समोरच्या देशाचे नावही देत नाही. त्यांच्या मुली उत्तम खेळल्या आणि त्यांच्याकडे या सामन्याचा वेगळा लेख होऊ शकतो.

जिल्हा आवृत्तीतल्या क्रीडा वार्ताहराचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा कमी मैदानावर आणि जास्त टेबलावर चालते. निकाल चालत कार्यालयात येतात. कबड्डी मंडळाचा व्यवस्थापक येतो, शाळेचे क्रीडाशिक्षक येतात, मुलाचा फोटो घेऊन वडील येतात आणि फोटो छापून येईपर्यंत रोज येतात. चांदूर बाजारच्या एका आयोजकाने कुस्तीचा निकाल कुस्तीच्या आदल्या दिवशीच पाठवला होता. त्यात विजयी दाखवलेला पहिलवान दुसऱ्या दिवशी चीत झाला. "मॅडम, कार्यक्रम तसाच ठरला होता," असे त्याचे म्हणणे होते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, बातमीत बैलजोडीचे नाव मालकाच्या नावाआधी द्यावे लागते. उलटे झाले तर मालकच तक्रार करतो. आणि सगळ्याच बातम्यांच्या शेवटी एक ओळ असायची: 'मुलींच्या गटात अमुक संघ विजयी.' पानावर जागा कमी पडली की सर्वात आधी ती ओळ कापली जायची. बातमी शेवटाकडून कापायची हा धंद्याचा नियमच आहे, आणि मुली नेहमी शेवटी असायच्या.

पल्लवी मला पहिल्यांदा दिसली ती अशाच एका शेवटच्या ओळीत. चाकांच्या बुटांवर खेळल्या जाणाऱ्या रोलर हॉकीचा विभागीय निकाल आला होता. मुलींच्या गटात अकोल्याच्या संघावर पूर्ण स्पर्धेत एकही गोल झाला नव्हता. मला ते खरे वाटले नाही म्हणून मी खात्री करायला गेले.

मोर्णेच्या पुलापलीकडे, एका बागेच्या मागे, लोखंडी कठड्याने वेढलेला सिमेंटचा चौथरा आहे. तिथे बोचरे सर मुलामुलींना स्केटिंग शिकवतात. उन्हाळी शिबिर सकाळी लवकर सुरू होते, कारण नंतर त्या सिमेंटला हात लावता येत नाही. कठड्यालगतच्या भिंतीवर निळ्या ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत एकच नियम लिहिला होता: 'गुडघा टेकला की बाद.'

"हे काय?" मी विचारले.

"मॅडम, आमच्या इथचं सिमेंट पाह्यलं का तुमी?" सर म्हणाले. "खडबडीत. पोरगं गुडघ्यावर पडलं का सालटं निंघते. मंग आई येते भांडाले, अन् दुसऱ्या दिवशी पोरगं येत नाई. म्हणून म्या नियमच करून टाकला. पडा, पण गुडघ्यावर नाई. टेकला का बाहेर बसा."

त्या नियमाने तयार झालेली गोलरक्षक मला त्या सकाळी दिसली. चौदा-पंधरा वर्षांची, लांब हातांची, गोलच्या तोंडाशी थोडी वाकून उभी. कडक प्लास्टिकची चपटी चकती तिच्याकडे यायची आणि ती उभ्यानेच ती अडवायची: छातीने, दांडीने, पायाच्या कडेने. खाली ती कधीच जात नव्हती.

तिच्या पायांवरचे पॅड काळ्या रेक्झिनचे होते. ते टिळक रोडवरच्या रहीमभाईंनी शिवले होते. रहीमभाईंचा व्यवसाय मोटारसायकलच्या सीटा करण्याचा. मी त्यांनाही भेटले.

"ये बुलेटच्या सीटचं रेक्झिन हाय मॅडम," ते म्हणाले. "आतमंदी फोम. बुलेटची सीट पूरी जिंदगी फाटत नाई, तं ते चकती काय फाडते?" मग त्यांनी स्वतःहून सांगितले, "गुडघ्याले गादी नाई लावली. सर म्हणे, इले गुडघ्याचं काम नाई."

ती बातमी मी चार कॉलम केली. नंतर कळले की पल्लवीच्या आईने, लताबाईंनी, ते कात्रण पातूरच्या आरोग्य केंद्रातल्या स्वतःच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवले होते. लताबाई तिथे परिचारिका आहेत. वडील एसटीत वाहक आहेत.

बारावीनंतर पल्लवी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी अमरावतीला गेली. बर्फ तिला अमरावतीत सापडला. वसतिगृहात तिच्या खोलीत पद्मा नावाची लडाखची मुलगी होती. शारीरिक शिक्षण शिकायला अमरावतीला देशभरातून मुले येतात. पद्मा लेहजवळच्या एका गावची. हिवाळ्यात गावाशेजारचे तळे गोठले की तिथल्या मुली त्यावर हॉकी खेळतात. पद्माही गोलरक्षक होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ती हिंदीपेक्षा वऱ्हाडीत जास्त बोलू लागली होती.

पल्लवीला उभ्याने गोल अडवताना तिने पहिल्यांदा पाहिले तेव्हा दोघींत झालेला संवाद मला दोघींनी स्वतंत्रपणे सांगितला आहे. तो जुळतो.

"तू बसत काहून नाई वं?" पद्माने विचारले.

"बाद होते."

"कोन करते बाद?"

"बोचरे सर."

"ते हायेत का इथं?"

"नाईत. पन होते."

हिवाळ्याच्या सुट्टीत पद्मा तिला घेऊन लेहला गेली. बर्फ हॉकीत चाकांच्या जागी पोलादी पाते असते आणि प्लास्टिकच्या जागी कडक रबराची चकती. तिला पक म्हणतात. चांगल्या खेळाडूने मारलेला पक डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून आजचा गोलरक्षक पक दिसण्याची वाट पाहत नाही. नेम घेतला गेला की तो गुडघ्यांवर बसतो आणि दोन्ही पाय बाहेर फाकवतो. मग गोलची खालची सगळी बाजू पॅडांनी बंद होते. जगभर असेच शिकवतात. उभे राहून गोल राखण्याची पद्धत केव्हाच मागे पडली आहे.

पल्लवीला बर्फावर वेग होता, नजर होती, हात होते. दोन हिवाळे ती लेहच्या शिबिरांना गेली आणि तिसऱ्या वर्षी भारताच्या संभाव्य संघात आली. मात्र ती गुडघे टेकत नव्हती. सरावात टेकायची, सांगितले की टेकायची. सामन्यात पक आला की शरीर उभेच राहायचे.

तिच्या निवडीची बातमी मी पाठवली तेव्हा नागपूरच्या डेस्कवरून एका नव्या उपसंपादकाचा फोन आला.

"मॅडम, हॉकीच्या आधी बर्फ चुकून पडला आहे का?"

"नाही."

"म्हणजे अकोल्याची मुलगी बर्फावर हॉकी खेळते?"

"गोल राखते."

"मग डेटलाइनला गाव कोणते देऊ?"

"अकोला. बर्फ बातमीत राहू द्या."

दुसऱ्या दिवशी आमच्याच दैनिकाच्या अकोला आवृत्तीत ती 'अकोल्याची पल्लवी' होती आणि अमरावती आवृत्तीत 'अमरावतीची पल्लवी'. दोन्ही शहरांतून आभाराचे फोन आले. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले.

गेल्या एप्रिलमध्ये लताबाईंचा फोन आला. पल्लवीची आशियाई स्पर्धेसाठी राखीव गोलरक्षक म्हणून निवड झाली होती. मुख्य गोलरक्षक होती पद्मा. स्पर्धा भारतातच होती.

"ताई, ह्यायले लग्नसराईत निघता येत नाई. मी एकटी कुठं जाऊ? तुमी चाला ना."

मी गेले. निघण्याआधी लताबाई गांधी रोडवर स्वेटर घ्यायला गेल्या. दुकानदाराने माळ्यावरचा गठ्ठा काढता काढता विचारले, "मावशी, थंडी-ताप हाय का घरात?" लताबाई म्हणाल्या, "मॅच हाय."

बर्फाचे ते मैदान मी पहिल्यांदा सरावाच्या सकाळी पाहिले. बाहेर ऊन होते, लोक छत्र्या घेऊन चालत होते. दोन दारे ओलांडली आणि श्वास दिसू लागला. समोर बर्फ होता. एक यंत्र त्यावरून सावकाश फिरत होते. ते पुढून बर्फ खरवडत होते आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत होते. तो थर आमच्या डोळ्यांदेखत गोठत होता. छतावरचा प्रत्येक दिवा खाली पुन्हा दिसत होता. लताबाईंनी कठड्यावरून वाकून बोट लावले आणि लगेच मागे घेतले.

"खरंच हाय," त्या म्हणाल्या.

मग मुली बर्फावर आल्या. मी आयुष्यभर मैदानांचे आवाज ऐकले आहेत: कबड्डीचा दम, खो-खोची शिट्टी, पटावर बैलांमागे धावणाऱ्या माणसांची आरोळी. हा आवाज त्यांतला नव्हता. कोरे कापड एका झटक्यात टरकावे तसा तो होता, आणि तो सगळीकडून येत होता. मुली वळत होत्या तिथे बर्फाचा भुगा कमरेएवढा उडत होता. एकमेकींच्या अगदी जवळून त्या अशा वेगाने जात होत्या की लताबाईंनी माझा हात धरला आणि सराव संपेपर्यंत सोडला नाही. पक कठड्यावर आदळला की बसायच्या बाकापर्यंत हादरा येत होता. भारताच्या त्या संघातल्या बहुतेक मुली गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. एकच मुलगी तापलेल्या सिमेंटवर शिकलेली, आणि ती आमच्या जिल्ह्याची. ही नोंद मी तेव्हा वहीत केली नाही. वही पिशवीतच राहिली.

सरावानंतर पल्लवी जाळीजवळ आली. मुखवटा वर केला तेव्हा तिच्या केसांतून वाफ निघत होती.

"मॅडमनं सांगितलं," ती आईला म्हणाली. मॅडम म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षक. "हे स्पर्धा झाली का दुसरी गोलरक्षक पाहू म्हने. जे टेकते ते."

"मंग टेक ना वं," लताबाई म्हणाल्या.

"टेकतच नाई आई. मी टेकवून राहिली, पन ते टेकतच नाईत."

मी मुख्य प्रशिक्षकांना विचारले. त्या लडाखच्या, मोजके बोलणाऱ्या. "हाथ बहुत अच्छे हैं," त्या म्हणाल्या. "लेकिन नीचे का दरवाज़ा खुला है. कब तक खुला रखूँ?"

साखळीतल्या सगळ्या सामन्यांत पद्मा खेळली. राखीव गोलरक्षकाचे काम बाकावर बसण्याचे. खेळाडू दर मिनिटाला बदलतात, तेव्हा त्यांच्यासाठी कठड्याचे दार उघडायचे आणि लावायचे. पल्लवी ते नीट करत होती. लताबाई प्रत्येक सामन्यात लेकीला दार उघडताना पाहत होत्या. पिशवीतली ठेच्याची बरणी त्यांनी पल्लवी खेळली की काढायची म्हणून ठेवली होती.

रविवारच्या सामन्यात पद्मा एक पक अडवताना वेडीवाकडी ताणली गेली आणि तिला उठता येईना. दोघींनी तिला धरून बाकावर आणले. पल्लवीने या वेळी दार स्वतःसाठी उघडले.

समोरच्या संघाची कर्णधार उंच होती, डावखुरी, आणि बर्फावर तिच्या पात्यांचा आवाज इतरांपेक्षा कमी यायचा. पल्लवी आत आल्यावर काही मिनिटांतच तिने लांबून खाली, बर्फाला घासून फटका मारला. पल्लवी उभी होती. पक तिच्या दोन पावलांच्या मधून गेला. बरोबरी झाली.

बाकावर मुख्य प्रशिक्षकांनी मान वळवली नाही. लताबाई म्हणाल्या, "दरवाजा." हा शब्द मी त्यांना सांगितलेला होता.

जादा वेळेत गोल झाला नाही. निर्णय पेनल्टी फटक्यांवर गेला. त्यात मैदान रिकामे होते. एक खेळाडू मध्यापासून पक घेऊन एकटी येते आणि समोर एकटी गोलरक्षक असते. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच जणी आळीपाळीने येतात.

त्यांची पहिली आली. तिला समोरची गोलरक्षक खाली बसेल अशी खात्री असावी, कारण सगळ्याच बसतात. तिने पक वर उचलला. पल्लवी उभीच होती. पक छातीवर आदळून समोर पडला. दुसरीनेही वरच मारला, खांद्यावरून. पल्लवीचा हातमोजा तिथे आधीच होता. प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेला एक वयस्कर पंच उठून उभा राहिला आणि त्याने मला इंग्रजीत विचारले, ही मुलगी कुठे शिकली? मी म्हटले, अकोला. त्याने मान डोलावली, जणू त्याला माहीत आहे.

तिसरीने हूल देऊन तिला एका बाजूला झुकवले आणि गोल केला. चौथीचा पक खांबाला लागला. भारताच्या पाच जणींचे दोन गोल झाले होते. त्यांचा एक. पाचवी येणार होती ती कर्णधार. तिने गोल केला तर पुन्हा बरोबरी. चुकली तर भारत तिसरा.

ती मध्याकडे सरकत असताना पल्लवी पाणी प्यायला कठड्याजवळ आली. जखमी पद्मा तिथेच बसली होती. दोघींचे वऱ्हाडीतले बोलणे खाली बर्फावर त्यांच्याशिवाय कोणालाही समजणे शक्य नव्हते; मला ते त्यांनी नंतर सांगितले.

"इले समजलं तू बसत नाई," पद्मा म्हणाली. "मंघानी खालूनच घातला तिनं. आताबी खालूनच येईन. टेकजो."

"सर बाद करतीन वं."

"सर अकोल्यात हायेत. मी इथं आहो. टेक."

कर्णधार निघाली. सुरुवातीला सावकाश, मग एकदम वेगात, आवाज जवळजवळ नाहीच. डावीकडे झुकली, पल्लवीही झुकली. मग तिने मनगट फिरवले आणि पक बर्फाला घासत खालून आला.

पल्लवी खाली गेली. दोन्ही गुडघे बर्फावर आदळल्याचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

पक दिसेना. कर्णधार गोलच्या मागून वळून थांबली. पंच जवळ गेली आणि वाकून पाहू लागली. पल्लवी हलली नाही. मुखवट्यातून ती फक्त खाली पाहत होती. पंचाने हाताने तिला थोडे सरकायची खूण केली. डाव्या पॅडखाली, गोलरेषेच्या अलीकडे, पक होता. पंचाने दोन्ही हात बाजूला पसरले: गोल नाही.

लताबाई ओरडल्या नाहीत. सभोवताली सगळे ओरडत होते. त्यांनी माझा दंड धरला. "ताई, ते पडली काय? गुडघ्यावर पडली ना ते? लागलं असन तिले."

"पडली नाही," मी म्हटले. "बसली."

खाली भारताच्या मुलींनी पल्लवीला घेरले होते. पद्मा एका पायावर कठडा धरून उभी होती. इतक्या वर्षांत मी बरेच विजय मोजक्या शब्दांत लिहिले आहेत. त्या दिवशी मी बराच वेळ बर्फाकडेच पाहत होते. जिथे ती बसली होती तिथे गुडघ्यांच्या दोन खुणा स्पष्ट दिसत होत्या. थोड्या वेळाने यंत्र आले आणि त्या भरून निघाल्या.

पदके झाल्यावर पल्लवी बाहेरच्या मार्गिकेत आली. लताबाईंनी पदक पाहिले नाही. त्यांनी तिची पँट वर करून गुडघे पाहिले. निळे झाले होते. "बर्फ लावा लागते," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आले.

पल्लवीने बोचरे सरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"सर, आपन तिसरे आलो."

"पाह्यलं बापा, मोबाईलवर पाह्यलं. सारे इथंच हायेत. रहीमभाईबी आला हाय दुकान बंद करून."

"सर, मी गुडघे टेकले."

"दोनी?"

"दोनी."

"मंग बाद," सर म्हणाले.

लताबाईंनी पिशवीतून ठेच्याची बरणी काढली आणि पद्माने ती आधी पळवली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी दोन्ही आवृत्त्यांत पहिल्या पानावर होती. अकोल्यात 'अकोल्याची', अमरावतीत 'अमरावतीची'. दोन्हीकडे ती बातमी शेवटाकडून कापलेली नव्हती. पल्लवीची पुढच्या शिबिरासाठी निवड झाल्याचे मुख्य प्रशिक्षकांनी मला फोनवर सांगितले. रहीमभाईंनी शिवलेले जुने काळे पॅड सध्या त्यांच्या दुकानात आहेत. त्यांनी ते गुडघ्यापाशी उसवले असून आत फोमची गादी घातली आहे.

परतल्यानंतर मी मोर्णेपलीकडच्या चौथऱ्यावर गेले. सकाळचा वर्ग संपला होता. सिमेंटच्या एका कोपऱ्यात जुन्या सीटांचा फोम अंथरलेला होता. बोचरे सर हातात ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे होते. निळी अक्षरे चुन्याखाली गेली होती. मी हात लावून पाहिला. चुना ओला होता.